माह्यासाठी घेतलेली गाडी

सांगू त कोणाले सांगू, माय! माह्यासाठी गाडी घेतली म्हणतेत, अन् मलेच कोणी विचारलं नाही.

मी करुणा, अड्याळची. घरी हातमाग आहे. नवरा हेमराज अन् सासू जानकीबाई विणतेत, विकाचं काम माह्यं. दिवाळी झाली का आमच्याकडं मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतेत, आज या गावची, उद्या त्या गावची. घरोघरी पाहुणे, रातच्याले नाटक, अन् पाहुण्यांले दुपट्टा द्याच लागते. आमचा वर्षाचा अर्धा माल त्याच दिवसात खपते. बारा वर्षं मी गठ्ठा बांधून सायकलनं मंडया केल्या. औंदा गुडघ्यानं दगा देला. डॉक्टर म्हणे, पायडल मारणं बंद. मंग मंडया कशा कराच्या?

गावातल्या टेकचंद मिस्त्रीनं सायकल पाह्यली अन् म्हणाले, "वहिनी, सायकल भक्कम आहे. मागचं चाक बदलून मोटर बसवू, सीटखाली बॅटरी. गठ्ठ्याची जागा जशीच्या तशी." तेच त पाहिजे होतं मले! सायकलच्या मागं मामंजीनं जुन्या मागाच्या लाकडाची चौकट ठोकून देली होती. कितीही खड्डे लागो, लुगड्याची घडी मोडत नाही.

पण आमच्या ह्यांले नवीच गाडी पाहिजे. "म्हाताऱ्या बैलाले घुंगरू कायले बांधतं? मंडईले पाहुणे येतीन. दारात बॅटरीची नवी गाडी दिसली त मंजुषाले चांगलं स्थळ येईन." मंजुषा म्हणजे माही नणंद. घ्या! गुडघा माह्या दुखते, अन् गाडी नणंदेच्या स्थळासाठी!

गाडी आली, बॅटरीची स्कूटर. हार घातला, नारळ फोडला. "करुणासाठी घेतली बरं!" हे साऱ्या आळीले सांगून राहिले. मी मागं जाऊन पाह्यलं. तिरपी, चिकनी सीट, गठ्ठा ठेवाचा कुठं? चाबी ह्यांच्या खिशात. अन् माही सायकल?

"देली दुकानदाराले. जुन्या सायकलवर सूट होती."

तळपायाची आग मस्तकात गेली. "कोणाले विचारून देली?"

"अवं, तुह्यासाठीच त केलं!"

असं म्हणाले का बाईनं गप बसावं, अशी रीतच आहे ना आपल्याकडं.

पहिल्या मंडईले गाडी गेली पाहुण्यांले फिरवाले. मी गठ्ठा घेऊन फाट्यावर. एक एसटी भरून गेली, दुसरी थांबलीच नाही. पोचली तवा लोक दुकानं आवरून राहिले होते. चार दुपट्टे खपले, बाकी गठ्ठा वापस आणला. सासूबाईनं गठ्ठा सोडला, घड्या मोजल्या, अन् पुन्हा बांधून ठेवला. महिनाभर पाठ मोडून त्यांनीच विणले होते ते.

सकाळी मी भंडाऱ्याले, त्या गाडीच्या दुकानात. माही सायकल मागं भंगारात पडली होती. चौकट शाबूत. दुकानदार हासला, "बाई, हे कायले पाहिजे?"

"माही आहे म्हणून," मी म्हटलं. भिशीचे पैसे त्याच्यासमोर ठेवले अन् सायकल टेम्पोत टाकून सरळ टेकचंदभाऊच्या दारात नेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोटर बसवून देली अन् चाबी माह्या हातात ठेवली. माह्या हातात!

आज शेजारच्या गावची मंडई. मी निंगाली तवा हे अंगणात आले. पाहुण्यांले फिरवून-फिरवून ह्यांच्या गाडीची बॅटरी उतरली होती, चार्ज कोण करते? अन् मंजुषाले पाहाले आलेले लोक फाट्यावर उतरले होते.

ह्यांनी हात पुढं केला. "दे चाबी. पाहुण्यांले आणाचं आहे."

सासूबाई चौकटीवर गठ्ठा बांधून राहिल्या होत्या. त्यांनी लेकाकडं पाह्यलंही नाही. दोरी अजून आवळली अन् गाठ मारली.

मी सायकल चालू केली.

"माह्यासाठी घेतलेली गाडी उभी आहे नं दारात," मी म्हटलं. "तीच न्या ढकलत."