पडद्याबाहेर आलेला हात

प्रेमबाई गेली, हे सुरजमल शेठच्या घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं. तिची खाट मला लागूनच होती. तिच्या श्वासानं माझी खालची कड हलायची, ती त्या सकाळी हलायची थांबली. थोड्या वेळानं रामराव डॉक्टर आले. चार दिवसांत ते दुसऱ्यांदा आले होते. त्यांनी बाहेरूनच विचारलं, "सूनबाई, आज कसं वाटतंय?" आतून उत्तर आलं नाही. तेव्हा त्यांनी कोणाला न विचारता मला बाजूला सारलं. असं त्या घरात आजवर कोणी केलं नव्हतं. त्यांनी प्रेमबाईचं मनगट धरलं आणि मग हळूच खाली ठेवलं. तिची दहा दिवसांची मुलगी शेजारी झोपली होती.

मित्रांनो, मी त्या घरातला पडदा. ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, जालना गावातली आहे. तिला आता वीस वर्षं होत आली. मी ती कोणाला सांगितली नव्हती, कारण सांगायची लाज वाटत होती.

एका कोष्ट्यानं मला जाड सुतात विणलं. शेठाणी चतुराबाईंनी माझे दोन पदर एकावर एक शिवले आणि मधोमध एक चीर ठेवली. घरातली बाई आजारी पडली की डॉक्टरनं बाहेर बसायचं, बाईनं चिरेतून हात काढायचा आणि डॉक्टरनं तोंड फिरवून नाडी बघायची, अशी त्या घरची रीत होती. शेजारणी म्हणायच्या, "पडदा असावा तर असा. पलीकडचं बिलकुल दिसत न्हाई." ते ऐकून मी फुगायचो. लोकांच्या नजरेला अडवणं हेच माझं काम, असं मला वाटायचं.

शेठचा कापसाचा धंदा होता. अंगणात कापसाचे ढीग पडायचे आणि कापसाची कूस, म्हणजे धुळीसारखे बारीक तंतू, उडून माझ्या अंगावर बसायची. रोज सकाळी मला झटकायचे. माझ्या मागंच शेठची मुलगी संतोष बसलेली असायची. बारा वर्षांची होती. तिला चौथ्या वर्षापासून दमा होता. धाप लागली की ती दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर ओढून बसायची. तेव्हा तिची भाभी प्रेमबाई पाठीमागं उशा लावायची, पाठ चोळायची आणि म्हणायची, "बोलू नको. मी हाय इथं."

डॉक्टर विचारायचे, "झोप लागते का?" संतोषच्या आधी चतुराबाई उत्तर द्यायच्या, "बराबर लागते." डॉक्टर काढा लिहून द्यायचे. झोप लागत नव्हती, हे मला माहीत होतं.

आता ती गोष्ट सांगतो, जिची मला लाज वाटते.

बाळंतपणानंतर सहाव्या दिवशी प्रेमबाईला हुडहुडी भरून ताप आला. डॉक्टर येऊन बाहेर बसले. शेजारी सुरजमल शेठ आणि प्रेमबाईचा नवरा सोहनलाल बसले होते. चतुराबाई आत होत्या. बाळंतिणीचा हात सासऱ्यासमोर परक्या पुरुषाच्या हातात द्यायचा, हे त्यांना पटेना. त्या कुजबुजल्या, "ऱ्हाऊ दे. नाडीच तर बघायची." आणि त्यांनी ओढणीत मनगट गुंडाळून स्वतःचाच हात माझ्या चिरेतून बाहेर काढला.

डॉक्टर रीतीप्रमाणं भिंतीकडं बघत होते. म्हणाले, "नाडी चांगली हाय. ताप न्हाई. अशक्तपणा असल."

सोहनलाल त्या हाताकडं बघत होता. चतुराबाईंचं मधलं बोट वाकडं होतं. त्यानं तोंड उघडलं, बापाकडं पाहिलं आणि मिटलं. वडिलांसमोर स्वतःच्या बायकोविषयी बोलायचं नाही, हीसुद्धा त्या घरची रीत होती. आत संतोष सगळं बघत होती. तिला धाप लागली होती, शब्द फुटत नव्हता. मी एवढासा जरी सरकलो असतो तरी पुरे होतं. पण मी नीट, सरळ, ताठ लटकत राहिलो.

त्यानंतर चौथ्या दिवशी प्रेमबाई गेली.

महिन्याभरानं डॉक्टर संतोषला बघायला आले. चतुराबाई आतून म्हणाल्या, "झोप बराबर लागते." तेवढ्यात चिरेतून एक बारीक हात बाहेर आला. त्यात एक चिठ्ठी होती. भावाच्या जुन्या पुस्तकांवरून संतोष थोडं लिहायला शिकली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं: "झोप लागत नाही. बसून राहते. पडदा झटकला की धाप जास्त लागते. पाऊस पडून गेला की कमी लागते. त्या दिवशीचा हात भाभीचा नव्हता."

डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. मग माझ्यावरून बोटं फिरवली आणि बोटांना लागलेली कूस बघितली.

"शेठजी," ते म्हणाले, "तीन वर्षं मी काढे देऊन राह्यलो. दम्याचं कारण ह्या पोरीनं शोधलं. हिला शिकवा. डॉक्टर होईल."

शेठ हसले. "चार पावलं चालली की भिंत धरती. अन् म्हणे डॉक्टर!"

आतून अडखळत आवाज आला, "बापूजी, श्वास कोंडल्यावर... कसं होतं... ते मला माहीत हाय. डॉक्टरसाहेबांना न्हाई."

"परक्या माणसासमोर बोलून राह्यली!" चतुराबाई म्हणाल्या. "लाज हाय का काही?"

तेव्हा शेठजवळ बसलेला सोहनलाल उठला. "माँ, लाज मला वाटायला पायजे. मी तुझं बोट ओळखलं व्हतं. ओळखून गप बसलो. बापूजी, मंग आता हिला तरी बोलू द्या."

शेठ हसायचे थांबले. डॉक्टर खाली बघून म्हणाले, "मीबी तोंड फिरवून बसलो व्हतो." आत चतुराबाईंनी प्रेमबाईच्या मुलीला उचलून घेतलं आणि दिवसभर खाली ठेवलं नाही.

संतोष शाळेत गेली. अंबडहून सोयरीक आली होती, ती दम्याचं कळल्यावर मोडली. शेठ पुष्कळ दिवस उदास होते, पण मग शिकण्याला आडकाठी राहिली नाही. सोहनलाल तिला डॉक्टरकी शिकायला आगगाडीनं हैदराबादला घेऊन गेला. तिथं जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून दम खायची, आणि वर्ग सुरू झाल्यावर पोचायची, असं ती सुटीत हसत सांगायची. मुडदे चिरायच्या खोलीतला वास तिला सोसायचा नाही. तोंडाला ओला रुमाल बांधून तिनं तेही पुरं केलं.

डॉक्टर होऊन आल्यावर तिनं मला उतरवलं. मला वाटलं, आता फाडून टाकणार. तिनं मला उकळत्या पाण्यात घातलं, चीर शिवून टाकली आणि आपल्या दवाखान्यातल्या तपासायच्या बाकावर अंथरलं. बायका माझ्यावर येऊन निजतात. सोबत आलेली सासू उत्तर द्यायला लागली की संतोषबाई म्हणते, "काकू, तुमची पाळी नंतर. आता हिला बोलू द्या." मधेच तिलाच धाप लागते. मग ती खिडकीशी जाऊन उभी राहते आणि बायका थांबतात. एक म्हणाली, "बाई, तुम्हीच आजारी, तुम्ही आम्हाला काय बरं करणार?" संतोषबाई म्हणाली, "आजारी हाय म्हणूनच तुझं खरं वाटतं मला."

सगळे म्हणतात, बाकावरचं कापड चांगलं जाड आहे. मला ते कौतुक ऐकवत नाही.

मित्रांनो, मला स्वच्छ ठेवा असं मी सांगणार नाही. तुमच्या घरात कोणी आजारी असेल तर त्याच्याजवळ बसा. त्याचं त्यालाच बोलू द्या. त्याला धाप लागली असेल तर थांबा, पण त्याच्या वतीनं उत्तर देऊ नका. आणि काही चुकीचं दिसलं तर लगेच बोला. मी बोललो नाही.

यंदा निजामाचं राज्य गेलं. मंठ्याकडच्या खेड्यांतून बायकांचे निरोप येतात. त्यांच्या घरचे त्यांना इथवर आणत नाहीत, आणि बैलगाडीच्या त्या रस्त्याची धूळ संतोषबाईला सोसत नाही. दोनदा ती निघाली आणि दोनदा अर्ध्या वाटेतून परत आली. त्या खेड्यांत ती अजून पोचलेली नाही.