पाने पुसणारे फडके

मित्रांनो, नाक मुरडू नका. आज मी एक जुने फडके असलो, तरी जन्माने पटका आहे. पौडच्या पेठेत भाताची गिरणी चालवणारे मोहिद्दीनशेठ मला डोक्याला बांधत. त्यांच्या लेकीच्या, ताजबीच्या लग्नात तर व्याहीसुद्धा म्हणाले होते, "पटका झ्याक हाय!" तो दिवस मला अजून आठवतो.

पुढे एकदा वाऱ्याने मी खुंटीवरून उडालो आणि इंजिनाच्या पट्ट्यात सापडून फाटलो. माझा अर्धा भाग गिरणीत इंजिन पुसायला गेला. त्याला मी भाऊ म्हणतो. उरलेला मी शेठच्या बायकोच्या, अमिनाच्या हाती आलो.

घरात खिडकीशी तुपाच्या रिकाम्या डब्यात रबराचे झाड होते. ताजबीने धरणावरच्या बंगल्यातून फांदी आणून ते वाढवले होते. सासरी भोरला निघताना ती म्हणाली होती, "अम्मा, सुगी सरल्याव येईन तवा झाड न्हेते. तवर जप."

सुगीत गिरणी पहाटेपासून धडधडायची आणि कोंड्याची धूळ पानांवर बसायची. अमिना सकाळी, ऊन यायच्या आत, मला साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायची. एक तळवा पानाखाली धरायची आणि देठाकडून टोकाकडे मला हलकेच फिरवायची. मग पानाची खालची बाजू. शेंड्याच्या कोवळ्या पानाला मात्र ती हात लावत नसे. माझ्यासारख्या मानी कापडाला हे काम आधी हलके वाटले. पण धुळीतून हिरवे पान वर आले, की मलाच बरे वाटू लागले.

मग अमिना तापाने अंथरुणाला खिळली. पानांवर धुळीचे थर चढले आणि लेक तर यायची होती. शेठना राहवेना. त्यांनी माझ्या भावाला शेंगदाण्याच्या तेलात बुडवले आणि एकूण एक पान चोळून काढले. पाने आरशासारखी चकाकली.

"बघ की! तेल दिलं की समदं झ्याक चालतं," ते हौसेने अमिनाला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली आणि सगळा कोंडा त्या तेलाला चिकटला. पानांचा श्वास कोंडला. काही दिवसांतच ती पिवळी पडून गळू लागली.

"आवो, पान हाय ते, इंजिन न्हवं!" अमिना रडत उठली. तिने केसांसाठी ठेवलेले रिठे उकळले, ते पाणी गार केले आणि त्यात भरपूर साधे पाणी मिसळले. मातीत फेस जाऊ नये म्हणून डब्याचे तोंड झाकले. मग मला पुन्हा पुन्हा धुऊन तिने पान न् पान पुसले आणि शेवटी साध्या पाण्याचा हात फिरवला. निम्मी पाने वाचली.

ताजबी आली आणि झाडाकडे बघतच राहिली. एरवी इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलणारे शेठ खाली मान घालून हळू म्हणाले, "माज्यापायी झालं, पोरी. तू यायच्या आदी चमकवाया गेलो."

ती रागावली नाही. तिने मला ओले करून त्यांच्या हाती दिले आणि त्यांचा दुसरा तळवा पानाखाली ठेवला. "खाली हात असू द्या, अब्बा. जोर लावू नगा." शेठनी राकट हाताने मला देठाकडून टोकाकडे हलकेच फिरवले. ती माहेरी होती तोवर बापलेक जोडीने पाने पुसत.

निघायच्या दिवशी शेठनी झाडाचा डबा स्वतः उचलून एसटीपर्यंत नेला. ताजबीने पानांवरून हात फिरवला आणि डबा त्यांच्याच हाती परत दिला. "ऱ्हाऊ द्या हितंच. तुमाला येतंय आता."

त्या दिवशी गिरणी सुरू झाली नाही. शेठ खिडकीशी बसून होते, मला मुठीत धरून.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या झाडावर धूळ बसली, तर तेलाने चमकवू नका. मऊ फडके, साधे पाणी आणि पानाखाली एक हात, एवढे पुरे. आणि लेकीच्या पाठवणीनंतर घरात कुणी गप्प बसून असेल, तर हे काम त्यालाच सांगा.