नोटिशीचं दुसरं पान

“बाई, ताप येणं हा गुन्हा आहे का हो?”

मित्रांनो, हा प्रश्न माझा नाही, टकळी नावाच्या एका बडबड्या मुलीचा. तिच्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती, “एवढी चुरूचुरू बोलतेस ना, मग मालकीणबाईंना विचारून दाखव!” आणि स्वतः मात्र रस्त्याच्या पलीकडे मास्क डोळ्यांपर्यंत ओढून उभ्या. शूर कुठल्या!

पण थांबा, आधी माझी ओळख. मी ताप मोजायची एक बंदूक आहे, आता म्हातारी झालेली. मला गोळी नाही की बार नाही. कपाळासमोर धरा, घोडा दाबा, मी ‘टीं’ करून आकडा दाखवते. एका लांबलचक टेबलावर चपळ बोटांनी मला जोडलं, पोटात दोन सेल घातले, आणि साथीच्या दिवसांत मी वह्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकावर रुजू झाले. नोकरीला सगळ्यांत शेवटी लागले, पण रुबाब सगळ्यांत जास्त! माझ्यासमोर कपाळ धरल्याशिवाय खुद्द मालकीणबाईसुद्धा आत जात नसत.

मालकीणबाई भारी शिस्तीच्या. सरकारी परिपत्रक आलं, आणि आठवड्याच्या आत फाटकाजवळ हात धुवायचा नळ, यंत्रांमध्ये अंतर, सगळ्यांना मास्क आणि मी, असं सगळं हजर! परिपत्रक फाटकावर टांगलं आणि शेजारी एक पाटी लावली : ‘ताप असणाऱ्यास प्रवेश नाही. गैरहजेरीचा पगार नाही.’ यातली दुसरी ओळ बाईंची स्वतःची. पूर्वीपासून तसंच चालत आलेलं.

सहा आठवडे झाले, तरी एकालाही ताप नाही. बाई माझी पाठ थोपटून म्हणायच्या, “गुणाची गं माझी!” मी फुगून टम्म व्हायचे. मला काय ठाऊक, की रोज माझ्याच डोळ्यांत धूळ फेकली जात होती! अंग कणकणलं, की लोक त्याच हात धुवायच्या नळावर रुमाल भिजवायचे, कपाळावर दाबून धरायचे, पुसायचे आणि साळसूदपणे माझ्यासमोर यायचे. मी बापडी कपाळापुरतंच बघणार. गार कपाळ, गार आकडा.

“काय हो, सगळे बर्फाच्या लादीवर झोपता की काय?” चौकीदारकाका म्हणायचे. त्यांना सगळं कळत होतं. पण कोणाच्या पोटावर पाय कसा द्यायचा, म्हणून गप्प.

टकळीची आई पानं टाचायच्या यंत्रावर होती आणि बाबा कागदाच्या कटिंगला. शाळा बंद, म्हणून दुपारचा डबा टकळी आणायची. वाट बघताना फाटकावर जे जे चिकटवलेलं असेल ते सगळं वाचून काढायची, आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचनांसकट!

पैजेच्या त्या दुपारी ती आली आणि बघते तर जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलेली आई नळाशी; आत जाताना पुन्हा मला कपाळ दाखवावं लागायचं ना! हातात भिजलेला रुमाल, आणि भर उन्हात आई कुडकुडतेय.

“आई, हे काय?”

“हळू बोल गं. आज घरी गेले तर आजचा दिवस गेला. आणि चार दिवस गेले, तर माझ्या यंत्रावर दुसरी बसेल.”

“आणि तूच पडलीस तर?”

आईने कपाळ पुसलं. माझ्यासमोर आली. टीं! सत्त्याण्णव. टकळीने काकांच्या हातून मला हिसकावलं आणि आईच्या मानेशी धरलं. टीं! एकशे दोन. माझ्याच तोंडून दोन आकडे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मालकीणबाई बाहेर आल्या. पैज केव्हाच बाजूला राहिली होती. टकळीने विचारलंच, “बाई, ताप येणं हा गुन्हा आहे का हो?”

“गुन्हा? कोण म्हणतं?” बाई चकित झाल्या. “मी कायद्याला धरून चालते हो. हे काय, समोर लावलंय!”

“त्याचं दुसरं पान वाचलंत?”

“दुसरं पान?”

टकळीने परिपत्रकाचं पान उलटलं. पहिल्या पानावर मास्क, अंतर, नळ आणि मी. दुसरं पान बाई मोठ्याने वाचू लागल्या आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. “तापामुळे घरी राहणाऱ्या कामगाराचा पगार कापू नये. त्याला कामावरून काढू नये...”



“बाई,” काका हळूच म्हणाले, “आपण दिवसाला हजारो पानं टाचतो...”

“...आणि मला एक उलटता आलं नाही!” बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग खिशातलं लाल पेन काढलं, पाटीवरची दुसरी ओळ खोडली आणि वर लिहिलं : ‘ताप असेल तर सांगा. घरी राहा. पगार चालू, जागा तुमचीच.’ आईकडे वळून म्हणाल्या, “चुकलंच माझं. तू घरी जा, औषध घे. तुझ्या यंत्राला कोणी हात लावणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सगळे रुमाल कोरडे! तिघांनी आपणहून सांगितलं, “काका, नीट बघा हो, काल रात्रीपासून कणकण आहे.” मी खरे आकडे दाखवले आणि प्रत्येक ‘टीं’ला मला गाणं म्हटल्यासारखं वाटलं. एक वल्लीही निघाली. गोंदकामाचे मामा धडधाकट, पण कपाळाला गरम चहाचा पेला लावून आले. माझा आकडा बघून काका म्हणाले, “मामा, एवढा ताप असता तर तुम्ही बोलला नसता, उकळला असता! चला आत.” अख्खं फाटक हसलं.

आता साथ सरली. मी एका खणात जुन्या किल्ल्यांशेजारी पडून असते. तक्रार नाही. मित्रांनो, माझे सेल बदलले नाहीत तरी चालेल, पण एक करा. माझ्यासारखं यंत्र माणसासमोर धरण्याआधी त्या माणसाला खरं बोलायची भीती वाटणार नाही, एवढं बघा. नाहीतर आम्ही यंत्रं बिचारी खोटी पडतो.

आणि हो, टकळीची आई! दोन आठवड्यांनी ठणठणीत होऊन परतली आणि आपल्याच यंत्रावर बसली. त्या संध्याकाळी ती आणि बाबा फाटकाबाहेर आले, तेव्हा टकळी कमरेवर हात ठेवून वाटेतच उभी होती. पलीकडे मैत्रिणी, आता मास्क नाकावर आणि माना ताठ.

“आई, बाबा, माझं ठरलंय. मी मोठी होऊन कामगारांचा कायदा शिकणार. आणि महत्त्वाचं ते सगळं पहिल्याच पानावर आणणार!”