पासंगाचा दगड

मी एक जुना तराजू आहे. मित्रांनो, जगातला सगळा न्याय माझ्या दांडीवर टांगलेला असतो. मी राव ओळखत नाही, रंक ओळखत नाही. फक्त माझे डावे पारडे जरा जड आहे, म्हणून उजव्या साखळीला एक दगड बांधावा लागतो. अशा दगडाला पासंग म्हणतात. तो सोडला की मी खोटे बोलतो.

जन्मतः मी असा नव्हतो. अकोल्याच्या एका लोहाराने मला घडवले तेव्हा माझी दोन्ही पारडी सारखी होती. भातकुलीच्या नत्थुजींनी मला किराणा दुकानासाठी आणले. पुढे एका आठवडी बाजारात डावे पारडे बैलाच्या खुराखाली आले. नत्थुजींनी दुसरे बसवून घेतले, ते जाड पत्र्याचे निघाले. मग त्यांनी नाल्यातला एक दगड आणला, काटा मधोमध येईपर्यंत तो पायरीवर घासला आणि सुतळीने बांधला. दगड पाहून गिऱ्हाइकांच्या भुवया चढत. नत्थुजी आधी रिकामी पारडी उचलून दाखवत. "पाहून घ्या, बाप्पा. मंग मनू नका." लोक पाहून घेत, आणि मग काही म्हणत नसत. माझ्या आयुष्यातले कौतुक म्हणतात ते एवढेच.

नंतर दुकानात बॅटरीवरचा काटा आला. मला खिळ्याला टांगले. एका पारड्यात दिवाळीच्या पणत्या आणि दुसऱ्यात मोबाइलचे बिघडलेले चार्जर घेऊन मी काही वर्षे शांतपणे लोंबकळलो.

तिथून मला नत्थुजींच्या मुलाने, म्हणजे गजेंद्रने, उतरवले. गजेंद्र अमरावतीच्या एका कॉलेजात गणित शिकवत असे. तासिका तत्त्वावर. मित्रांनो, तासिका तत्त्वावर म्हणजे तास असेल तर प्राध्यापक आणि नसेल तर नत्थुजींचा मुलगा. त्याच्याकडे एकच वर्ग होता. प्रथम वर्षाच्या प्राथमिक बीजगणितात जे गटांगळ्या खातात त्यांचा. नोटीस बोर्डावर त्याला 'उपचारात्मक वर्ग' म्हणत, आणि विद्यार्थी खोलीत शिरत तेही दवाखान्यात शिरल्यासारखेच. त्या वर्गाचा एक नियम होता. पुरेशी मुले नापास झाली तरच तो पुढच्या वर्षी भरायचा. गजेंद्रला त्याची कधी काळजी वाटली नव्हती. त्याचा बीजगणितावर विश्वास होता.

आता त्याने मला तिथे का नेले, ते सांगतो. कारण होते मायाताई. मायाताई एका खेड्यातली अंगणवाडी सेविका. वय चव्वेचाळीस. तिने बी.कॉम.चे सगळे विषय सोडवले होते, हा एक राहिला होता. पदवी हातात आली तर मुख्यसेविकेच्या परीक्षेला बसता येणार होते, आणि पंचेचाळीस पूर्ण झाली की ते दार बंद. म्हणजे हीच शेवटची वेळ. दुपारी अंगणवाडी आटोपून ती एस.टी.ने येई आणि पहिल्या बाकावर बसून कपाळाला आठ्या घालून फळ्याकडे बघे.

"सर, ह्या क्षची किंमत काल पाच होती. आज सात कावून झाली?"

"कालचं गणित वेगळं होतं, ताई."

"मंग तेच अक्षर कायले वापरता? कापसाचा भाव हाय का रोज बदलाले?"

"मावशी," मागून विपुल म्हणाला, "कापसाचा भाव वाढत नसते. क्ष तरी वाढते." विपुल एकोणीस वर्षांचा होता आणि त्याच विषयात नापास होता, पण मजेत होता.

"तू चूप बस रे. तुले आणखी चार चान्स हायेत."

गजेंद्रने खूप सांगून पाहिले. आकडा बरोबरच्या पलीकडे नेला की अधिकचा उणे होतो, उणेचा अधिक होतो. मायाताईने विचारले, का? गजेंद्रला त्याच्या सरांनी का ते सांगितले नव्हते, आणि त्याने विचारलेही नव्हते. दुसऱ्या दिवशी तो मला मांडीवर घेऊन एस.टी.त बसला.

फळ्यासमोरच्या हुकाला त्याने मला टांगले. मायाताई उठून जवळ आली. ती अंगणवाडीत लेकरांची वजने घेते, तेव्हा आधी रिकामी झोळी पाहायची तिची सवय. तिने माझी रिकामी पारडी पाहिली, मग दगड.

"सर, ह्याले दगड कावून बांधला? मापात पाप?"

वर्ग हसला. गजेंद्रचे कान लाल झाले. माझेही झाले असते. त्याने सुतळी सोडली. माझे डावे पारडे धाडकन खाली गेले. इतक्या लोकांसमोर माझी अशी शोभा कधी झाली नव्हती.

"आता सांगा, कोणतं खोटं आहे?" गजेंद्र म्हणाला. "डावीकडे थोडं जास्त आहे म्हणा, नाहीतर उजवीकडे थोडं उणं आहे म्हणा. एकच. दगड बांधला की ते उणं भरून निघतं."

मग त्याने उजवीकडे दगड परत बांधला, एका थैलीत डाळीच्या काही पुड्या भरल्या, त्यातल्या तीन काढून घेतल्या आणि थैली एका पारड्यात ठेवली. दुसऱ्यात चार पुड्या. काटा मधोमध. "क्ष उणे तीन बरोबर चार. थैलीतल्या गेलेल्या तीन परत टाकायच्या आहेत. काय होईल?"

"हे पारडं खाली जाईन."

"जाऊ द्यायचं नाही."

मायाताईने दोन्ही पारड्यांवरून नजर फिरवली. मग ती हळूच म्हणाली, "दुसऱ्याले बी तीन द्या लागन. मंजे लेकरं बसते ना पंगतीले, तसं. एकाले खिचडी वाढली तं शेजारच्याले बी वाढा लागते. नाई तं भोंगा पसरते."

"मग क्ष किती?"

"सात." आणि जरा थांबून, "येवढंच व्हतं?"

"एवढंच," गजेंद्र म्हणाला. त्याचा आवाज मला फार थकलेला वाटला.

त्यानंतर वर्गाला खिचडीची लागणच झाली. विपुल गणित सोडवताना "हेले बी वाढ, तेले बी वाढ" असे पुटपुटू लागला. गजेंद्र रविवारीही येऊ लागला. रविवारच्या तासाचे कागदोपत्री अस्तित्व नव्हते. खोली उघडून देणारे शिपाई रामराव एकदा दारात उभे राहून म्हणाले,

"सर, समदे पास झाले तं तुमचा तास जाईन."

"माहीत आहे, रामराव."

"मंग कायले येवढं शिकवून राहिले?"

"त्यांना समजून राहिलं ना. आता कसं थांबवू?"

रामरावांनी मान हलवली आणि ते झाडू घेऊन निघून गेले.

परीक्षा झाली. मायाताई पास झाली. विपुल पास झाला. सगळेच पास झाले, आणि पुढच्या जूनमध्ये उपचार करायला रोगीच पुरेसे उरले नाहीत. वर्ग बंद झाला. गजेंद्र अकोल्याला एका शिकवणी वर्गात लागला. जाताना तो मला न्यायला आला होता, पण तोवर मी कॉलेजची मालमत्ता झालो होतो.

कारण तपासणी समिती येणार होती. मला चिंच लावून घासले, तेल दिले आणि काचेच्या कपाटात टांगले. खाली पाटी लावली, 'गणित विभागाचा नवोपक्रम'. दगड घाण दिसत होता म्हणून तो रामरावांनी कापून टाकला. समितीने माझ्यासमोर उभे राहून फोटो काढला आणि कॉलेजला 'अ' श्रेणी दिली. तेव्हापासून मी डावीकडे झुकलेला आहे.

पदवीचा कागद न्यायला आलेली मायाताई कपाटासमोर थांबली.

"रामरावभाऊ, दगड कुठी गेला?"

"फेकला ना बाई. समिती येत व्हती."

"मंग आता हा खोटं बोलते."

"बोलू द्या. हा मोजाले नाई ठेवला, पाहाले ठेवला."

तिने कपाटाची कडी ओढून पाहिली. कुलूप होते. जिथे दगड असायचा तिथे तिने काचेवर बोट टेकवले, मग एस.टी.ची वेळ झाली म्हणून गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. त्या घासा, पुसा, तेल द्या, आमची तक्रार नाही. पण एखाद्या वस्तूला काही ओबडधोबड बांधलेले दिसले, तर ते कापण्याआधी कोणीतरी ते का बांधले असेल, एवढे एकदा विचारा. त्यावरच ती वस्तू सरळ उभी असू शकते.

मायाताई मुख्यसेविका झाली. त्या परीक्षेत बीजगणितावर एकही प्रश्न नव्हता.