वाम आणि पाटकरी

पांझरेच्या बंधाऱ्यातून पाटानं फडात, म्हणजे गावाच्या सामाईक शेतीत, पाणी सोडायचं काम हिलाल आबांकडे तीस वर्षं होतं. नवरात्राआधी पाट बंद करून गाळ काढत. तेव्हा डबक्यांत उरलेला मासा पाटकऱ्याचा, असा गावाचा रिवाज. बाकी मासे आबा घरी नेत, पण वाम नाही. सापासारखी लांब, मनगटाएवढी जाड ही वाम त्यांच्या बापाच्या वेळी नदीत ढिगानं होती, आता वर्षाला एखादी दिसे. ती सापडली की आबा तिला घमेल्यात घालून बंधाऱ्याच्या वरच्या डोहात सोडत. या गोष्टीचं त्यांना मनातून समाधान होतं.

औंदाही एक सापडली. शेपटीजवळचा पर अर्धा तुटलेला.

"हाई तीच शे," आबा नातीला म्हणाले. "तिसरं साल. मना लळाच लागी गया तिले."

नूतन धुळ्याच्या कॉलेजात माशांचा अभ्यास करायची. तिनं घमेल्यात वाकून पाहिलं. वामीचे डोळे मोठे झाले होते, पोट चांदीसारखं चकाकत होतं.

"आबा, तिले वर काब्र सोडतस?"

"तठे पानी खोल शे. उन्हाळामा भी आटस नही."

"पन ती खाले जाई राह्यनी, तिना डोळा अन् पोट दखा ना. वामना जन्म समुद्रमा. अंडा घालाले तठेच जास. बाई बाळंतपनले माहेर जाई राह्यनी, अन् तुम्ही तिले रस्तामातून वापस आनतस!"

आबा पाटाच्या काठावर बसले.

"तीन साल?"

"तीन साल."

मग ते घमेलं घेऊन बंधाऱ्याखाली उतरले. तिथं नदीत घोटाभर पाणी, पुढे नुसते गोटे. पुढचा डोह दोनशे पावलांवर. वामीला त्या घोटाभर पाण्यात सोडून आबा परत वर आले आणि बंधाऱ्याच्या मोरीची फळी त्यांनी हातभर उचलली. शेताशिवाय दुसऱ्या कशासाठी त्यांनी पाणी आजवर कधी सोडलं नव्हतं.

पाणी गोट्यांवरून धावलं. वाम एकदा वळली आणि धारेसोबत निघून गेली. ती डोहात शिरलेली पाहून आबांनी फळी खाली केली.

"पुढे भी बंधारा शेतस, आबा," नूतन हळूच म्हणाली. "मोठला धरण भी शे."

आबांनी हात धोतराला पुसले.

"धरणनं मंग दखू. खालना बंधारावर जीवराम पाटकरी शे. त्याले फोन लाव."