एकशेचौदावी सही

तेलाचा थेंब कुपीच्या नळीला लोंबला होता, पडायचं नाव घेत नव्हता. दत्तात्रयनं बुडाला अंगठा दाबला, टक्, तसा तो सुटला आणि कुसुमच्या सायकलीच्या चेनवर पसरला. आता ह्या चेनला तेल कशाला, असं कुणी विचारलं असतं तर त्याला काही सांगता आलं नसतं. कुसुमला जाऊन दोन वर्षं झाली, सायकल तेव्हाची भिंतीला टेकून उभी, टायरही बसलेत... पण मिलमध्ये तीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाला कोरडी चेन बघवत नाही, बस, एवढंच. दर शुक्रवारी आधी हिची, मग आपली.

"भाऊजी, आहात का घरात?"

विजयाताई. कुसुमच्याच शाळेतल्या बाई. फ्रीगंजच्या सायकलपट्टीची सगळी भानगड त्यांनीच अंगावर घेतलेली. भानगड ती काय... सडकेच्या डाव्या अंगाला चुना फासलेल्या दगडांची ओळ, तिच्या आत साडेपाच फूट जागा, ती सायकलींची. आता दोन-चार वर्षांत जिकडेतिकडे नव्या मोटारी झाल्या, दुकानदारांना गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायला जागा पाहिजे, म्हणून दगड उखडायचं ठरलं. विजयाताईंनी दारोदार फिरून विरोधाच्या अर्जावर तीनशे बारा सह्या जमवल्या होत्या. आज त्या पायरीवरच उभ्या राहिल्या.

"एकशेतेरा नंबरला तुमची सही आहे. एकशेचौदाला कुसुमची कशी हो आली?"

दत्तात्रय कुपीचं टोक फडक्यानं पुसत बसला.

"त्या टीव्हीच्या दुकानवाल्या सेठनं शोधून काढलं. नगरपालिकेच्या साहेबांना म्हणाला, ह्यांच्यात अर्धे मेलेलेच असतील. चार वाजता सुनवाई आहे. साहेब म्हणतात, ज्यानं लिहिलं त्यानं येऊन स्वतःच्या हातानं नाव काटावं. नाहीतर पूरा अर्ज बाजूला."

"काटायचं?"

"एक रेघ मारायची, भाऊजी. चुकून झालं म्हणायचं." त्यांची नजर ओल्या चेनवर गेली, मग त्या उगाच आकाशाकडे बघायला लागल्या. "मी असते तिथं."

एक रेघ... त्या दिवशी रजिस्टर समोर आलं, त्यानं आपली सही केली आणि हात थांबलाच नाही. पहिल्यापासून घरात तीच रीत. कुसुमची बोटं खडूनं भरलेली, नाहीतर कणकेनं, आणि गॅसवाला दारात उभा—"अहो, माझी पण तुम्हीच करून टाका ना!" वर्गणीची वही असो, दुधाचं कार्ड असो, आधी त्याची, खाली तिची. 'कु'च्या उकाराला शेपूट लांब, शेवटच्या 'म'वर रेघ नाही, ती कायम विसरायची म्हणून तोही मुद्दाम विसरायचा. त्या दिवशीही विसरला. मग चुकून कसं झालं? हाताला सगळं बरोबर आठवत होतं की! आणि सही झाल्यावर त्याला एवढं बरं वाटलं होतं, की संध्याकाळी त्यानं कधी नव्हे ते भाजीत गूळ घातला, तिच्यासारखा.

साडेतीनला तो निघाला. पट्टीवर आला आणि नेहमीसारखा उजव्या कडेनं, दगडांना लागून चालवायला लागला. डावीकडे जागा सोडून. ती जागा कुसुमची. साडेपाच फुटांत दोन सायकली आरामात मावतात, तो ट्रकांच्या बाजूला, ती भिंतीच्या बाजूला, शाळेपर्यंत. मग ती उतरायची आणि तो पुढं मिलला. ती सारखी बोलायची, ह्याचे डोळे सडकेवर. "बघितलं का, त्या खिडकीच्या गजाला आरसा टांगलाय, आजोबा दाढी करतायत!" "हो." "अहो, त्या नळाखाली मांजरीनं पिल्लं घातली!" "हो, हो." कधी बघितलंच नव्हतं त्यानं. सव्वीस वर्षं नुसतं हो... आताही मागून कुणी पोरगी घंटी वाजवायची, दत्तात्रय सरकायचा नाही, आणि ती बिचारी त्याच्या डावीकडून, कुसुमच्या जागेतून निघून जायची. दर वेळी त्याला वाटायचं, हिला सांगावं—अगं, जरा सांभाळून.

टावर चौकात पाचपन्नास माणसं सायकली आडव्या लावून बसली होती. दूधवाले, दोन शिंपी, कॉलेजच्या पोरी. पलीकडे दुकानाच्या पायरीवर टीव्हीवाला सेठ.

"आओ दादा, आओ! अकेले आए? भाभीजी पीछे आ रही हैं क्या?"

दोघं-तिघं हसले. एक दूधवाला ताडकन उठला. "सेठ, जबान सँभाल के!"

दत्तात्रयनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवला. राग यायला पाहिजे होता, पण आला नाही... खरं सांगायचं तर त्यानं मान वळवून मागं बघितलं होतं. क्षणभरच. पण बघितलं.

साहेबांच्या दफ्तरात पंखा कुरकुरत होता. साहेब भला माणूस दिसला, त्यानं खुर्ची दिली. रजिस्टर उघडून बोट ठेवलं.

"ये आपने लिखा?"

"जी."

"गलती से?"

विजयाताईंनी शेजारून मान हलवली... हो म्हणा, भाऊजी, हो म्हणा. आणि हो म्हणायची तर त्याला सव्वीस वर्षांची सवय! पण आज ते तोंडातून निघेना.

"नहीं साब. वो चलाती थी उधर से. बाईं तरफ. मेरे को लगा उसका भी पूछना चाहिए."

साहेबानं पेन पुढं सरकवलं, हळूच. "दादा, बाकी तीन सौ ग्यारह लोगों का भी तो देखना पड़ेगा."

ते खरंच होतं. बाहेर बसलेल्यांना उद्याही मोटारींच्या मधून कामावर जायचं होतं. दत्तात्रयनं पेन घेतलं. फिटरचा हात, सरळ चालला. त्यानं रेघ मारली, मात्र नावावरून नाही, अक्षरांच्या माथ्यावरून. उघड्या राहिलेल्या 'म'लाही आता डोकं आलं. मग लक्षात आलं, ही काटणारी रेघ नव्हे. त्यानं खाली दुसरी मारली, नावाच्या मधून, बारीक, वाचता येईल अशी. बाजूला आपली सही केली. एकच. खालची ओळ रिकामी राहिली आणि हात तिथं नुसता टेकून राहिला, साहेबांनी रजिस्टर ओढून घेईपर्यंत.

"फैसला सोमवार को."

"होईल हो, काहीतरी होईल," विजयाताई बाहेर म्हणाल्या. कशाबद्दल म्हणाल्या, त्यानं विचारलं नाही.

परतताना ऊन उतरलं होतं. पट्टी तीच, दगड अजून जागेवर, दोन-चार उखडून कडेला टाकलेले. बराच पुढं आल्यावर त्याला कळलं, की आपण भिंतीच्या बाजूनं चालवतोय. कधी सरकलो, कुणी सरकवलं, देव जाणे. इथं गार होतं. भिंतीचा ओलसर वास, कुणाच्या तरी घरात कुकरची शिटी, नळाखाली हिरवं शेवाळ... एवढं सगळं इतक्या जवळ होतं? आणि पुढं एका ठेंगण्या खिडकीच्या गजाला खरंच सुतळी बांधलेली, सुतळीला आरसा. आजोबा नव्हते. आरशात फक्त सडक, डुलणारी.

"हो," दत्तात्रय म्हणाला, मोठ्यानं. "बघितला."

उजवीकडून ट्रक गेला, अगदी अंगाजवळून, हॉर्न देत. तो दचकला. मधे कुणीच नव्हतं. ती जागा त्याची होती, आणि त्याच्याशिवाय ती केवढी उघडी दिसते, हे त्याला आज पहिल्यांदा इकडून दिसत होतं... त्यानं पायडल मारणं थांबवलं. तेल दिलेली चेन आवाज न करता थांबली, चाकं फिरत राहिली, आणि सायकल आपली जात होती, हळूहळू, भिंतीच्या कडेकडेनं.