धाग्यांवरून फुलावर गेलेलं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. दांडा धरून मिरवणारं गोल भिंग नव्हे. मी पितळेचं, तीन पानांची घडी होणारं, सदऱ्याच्या खिशात मावणारं. माझ्या खालच्या पानाला इंचाची चौकोनी खिडकी आहे आणि वरच्या पानात काच. मला कापडावर उभं करायचं आणि खिडकीत किती धागे दिसतात ते मोजायचं, यासाठी मला घडवलं. कोणी घडवलं ते मला ठाऊक नाही. मला आठवतं तेव्हापासून मी सोलापुरातल्या एका गिरणीत, कापड तपासणाऱ्या महिपतीआबांच्या खिशात होतो.

आबा माणूस भला, पण नजर खट. धड कापड त्यांना दिसतच नसे. तुटलेला धागा, सुटलेली गाठ, विरळ जागा, एवढंच दिसे. पंगतीत बसले तरी आधी वाढप्याच्या धोतराचा काठ कुठे हुकलाय ते पाहत, मग जिलबीकडे वळत. त्या वर्षांचा हिशेब मांडला तर माझ्या खात्यावर विणकरांच्या शिव्या भरपूर जमा आहेत. कौतुक एकदाच झालं, तेही आबांचं. मी तेव्हा खिशातच होतो.

आबा निवृत्त झाले आणि मी कोनाड्यात जाऊन पडलो. पितळ काळं पडलं, काचेवर धूळ बसली. कोणी विचारीना.

आबांची मुलगी विजयमाला एका चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायची. चौकटींच्या कागदावर फुलाचा अर्धा भाग काढायचा, पातळ कागदावर उतरवायचा, कागद उलटा करायचा, की दुसरा अर्धा तयार. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या पाहिजेत, हा तिथला नियम. तिचा हात सुरेख होता. पण ती म्हणायची, “माझी चित्रं कोण बघतंय? लोक अंगाखाली घेऊन झोपतात.”

दुष्काळ सरल्यावरच्या साली धोंडप्पा सर कारखान्याचा पत्ता विचारत आले. ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि जिल्ह्यातल्या माळावरच्या झाडांचं पुस्तक लिहीत होते. घरच्या चादरीवरची वेल पाहून ती काढणारीला शोधत आले होते. ते विजयमालाला म्हणाले, “जुन्या ग्रंथांतली झाडांची कितीतरी चित्रं बायकांनी काढलेली आहेत, बाई. पुष्कळदा त्यांची नावंसुद्धा छापली नाहीत. तुम्ही मला एक तरवड काढून दाखवा. जमला तर सगळं पुस्तक तुमचं. नाही जमला तर पुण्याचे एक चित्रकार तयार आहेत.”

विजयमालाने तरवड काढला. सरांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं.

“बाई, काम सुंदर आहे. पण हे झाड नव्हे, ही चादर आहे.”

फुलातले सगळे पुंकेसर तिने सारखे काढले होते आणि स्त्रीकेसर अगदी मधोमध. अर्धं फूल काढून कागद उलटा केला होता. सवय, दुसरं काय?

“महिनाअखेरीला मी पुण्याला जातोय,” सर म्हणाले. “तोवर दुसरं जमलं तर आणा.”

घरी आबांना हसू आवरेना. “घडी घालून फूल काढलंस व्हय? देवानं काय चादरी विणल्यात?”

“तुमचा जल्म दुसऱ्याच्या खोड्या काढण्यात गेला, आबा. आता माझी काढा.”

“तेच शिकलोय की. चल माळावर, फुलाचीच खोडी काढू.”

अशी माझी धूळ झटकली गेली. कुंभारी गावाच्या वाटेवरच्या माळावर आम्ही गेलो. बरोबर बिबीजान होती. ती विजयमालाच्याच कारखान्यात चादरींच्या कडा शिवायची. दुष्काळातही न हटलेला तरवड पिवळाधमक उभा होता. विजयमाला मला फुलावर धरून बसली ती बसलीच.

“क्या गे, इतना क्या देखती उसकू?” बिबीजान म्हणाली. “तुज्याकडं मागणी घातली काय त्यानं?”

“घातली तर सांग त्याला, पोरगी कामात हाय,” विजयमाला म्हणाली.

माझ्या काचेतून तिला दिसलं ते असं. वरचे तीन पुंकेसर आखूड, खालचे मोठे आणि वाकडे. स्त्रीकेसर उजवीकडे झुकलेला. शेजारच्या फुलात पाहिलं तर तो डावीकडे.

“हे चुकलंय,” ती पुटपुटली. मलाही तसंच वाटलं, मित्रांनो. आयुष्यभर दोषच पाहिले होते. तिने तिसरं फूल पाहिलं, मग चौथं. कोणी उजवं, कोणी डावं, मध्यावर एकही नाही.

आबांनी मला हातात घेतलं, डोळा बारीक केला आणि दोन-तीन फुलं तपासली. मग म्हणाले, “कापडात ह्याला दोष म्हनत्यात. हितं ह्यालाच फूल म्हनायचं दिसतंय.”

विजयमालाने तिथेच मांडी घालून, कागदाची घडी न घालता, फूल काढायला घेतलं. एक पान अळीने खाल्लेलं होतं, तिथे तिचा हात थांबला.

“काढ,” आबा म्हणाले. “खाल्लंय ते खाल्लंय.”

सरांनी नवं चित्र पाहिलं आणि पुण्याच्या चित्रकाराचा विषयच काढला नाही. “सगळं पुस्तक तुमचं,” म्हणाले.

“सर, चित्राखाली माझं नाव पाहिजे.”

“पुस्तक माझ्या नावावर आहे, बाई. प्रस्तावनेत आभार मानू की.”

 पुस्तक हातचं जाईल की काय, ही भीती माझ्यावर टेकलेल्या तिच्या बोटांतून मला कळत होती. तरी ती बोलली. “आभार नकोत, सर. गिरणीत ताग्यावर विणणाऱ्याचा नंबर असतो. दोष निघाला तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. उद्या पाकळीत चूक निघाली तर तुमी मलाच धरणार. मग नावबी असू दे की.”

सर चष्मा पुसत राहिले. “चित्रकार आहात का वकील?”

“महिपतींची लेक आहे.”

“लिहा मग. पण बारीक.”

पुस्तक छापून आलं, तेव्हा प्रत्येक चित्राखाली मोहरीएवढ्या अक्षरांत नाव होतं: विजयमाला महिपती. तिने मला आधी फुलावर नाही, त्या नावावर उभं केलं. इतकी मोठी अक्षरं मी कधी पाहिली नव्हती.

आता माझ्या काचेला चरा गेलाय, एक बिजागरी सैल आहे. पण विजयमालाकडे झाडं काढायला शिकणाऱ्या मुली मला रोज वापरतात, आणि वापर हीच माझी निगा. तुमच्याही घरी कोनाड्यात असं काही पडलेलं असेल, तर ते मऊ फडक्याने पुसा आणि कामाला लावा. आणि एखादं चित्र आवडलं, तर ते काढणाऱ्याचं नाव खाली शोधा. नसेल तर विचारा. विचारल्यावर छापतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.